दुसऱ्या पडद्याचा आवाज

आमच्या कारखान्यात पुढच्या वर्षी काय बनणार, हे आम्हाला नेहमी परदेशातल्या कुणा रिकामटेकड्या माणसाकडून कळायचं. दहाच्या चहाला आमचे साहेब वाताबे-सान फोनवर कॅमेऱ्यांच्या अफवांची पानं उघडायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. तोक्योच्या कंपनीचा नवा कॅमेरा अमुक महिन्यात येणार, सेकंदाला इतके फोटो काढणार, वजन इतकं. त्या कॅमेऱ्याचं शटर बनवणार आम्ही, आणि बातमी आम्हालाच सगळ्यात शेवटी.

"बघा, बेल्जियममधल्या माणसाला ठाऊक आहे," वाताबे-सान म्हणायचे, "आणि मला कुणी साधा फोन केला नाही."

मी योशिए. आइझूतल्या या कारखान्याच्या शटरखोलीत मी सव्वीस वर्षं काढली. कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे दोन पडदे, नखापेक्षा पातळ पात्यांचे. बटण दाबलं की पहिला पडदा उघडत धावतो, मागून दुसरा मिटत येतो, आणि दोघांमधल्या फटीतून जेवढा उजेड आत शिरेल तेवढ्यात फोटो होतो. दोघं सारख्या वेगानं धावले पाहिजेत. त्यासाठी स्प्रिंगा असतात, स्प्रिंगांना स्क्रू असतात, आणि त्या स्क्रूंवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. यंत्र आकडे दाखवतं. पण आकडे बरोबर असूनही एखादं शटर आजारी असतं, ते फक्त कानाला कळतं. म्हणून आमच्याकडे शेवटची पारख कानाची.

तो कान इगाराशी-सानांचा. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि तोंडातून कौतुकाचा शब्द निघाला तर दात पडतील अशी भीती असल्यासारखा माणूस. प्रत्येक शटरबरोबर एक चिठ्ठी जायची. तिच्यावर आधी जुळवणाऱ्याचा लाल शिक्का आणि शेवटच्या चौकटीत इगाराशी-सानांचा. रीत अशी होती, की ज्या दिवशी ते एखाद्याच्या शटरला स्क्रू-ड्रायव्हर न लावता शिक्का मारतील, त्या दिवसापासून शेवटची चौकट त्या माणसाची. त्यांनाही ती त्यांच्या गुरूकडून अशीच मिळाली होती. न बोलता, न हात लावता.

मला ती चौकट हवी होती. लाजायचं कशाला, सव्वीस वर्षं मला दुसरं काही नकोच होतं. मी शटर पुढे ठेवायची. ते कानाशी धरून दोन-चारदा वाजवायचे, मग स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, केसभर फिरवायचे आणि शिक्का मारायचे.

"तुझा दुसरा पडदा हट्टी आहे," म्हणायचे. "पळत येतो आणि दारात एकदम थांबतो. जरा सैल सोड की त्याला."

"थांबायचं तर नीट थांबावं माणसानं," मी म्हणायची. "तुमचा येतो तो चपला घासत येतो."

खोलीतल्या बाकीच्या चौघी खाली मान घालून हसायच्या. पण ते खरं होतं. त्यांच्या शटरचा शेवट मऊ असायचा आणि माझ्या शटरचा कोरडा, टक् असा. मला तोच आवडायचा, आणि तोच त्यांना केसभर खटकायचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तर ते माझं शटर वाजवता वाजवताच स्क्रू-ड्रायव्हर उचलायला लागले. घरी गेल्यावर मी भांडी आपटायची.

फेब्रुवारीत वाताबे-सान चहाला आले ते फोन खिशात ठेवूनच. तोक्योहून पत्र आलं होतं. कंपनीला आमच्या शटरचा आवाज हवा होता. नुसता आवाज, ध्वनिमुद्रित करून.

"कशाला?" मी विचारलं.

"नव्या कॅमेऱ्यासाठी. लिहिलंय, तुमच्या खोलीतला आवाज दीर्घकाळ जपण्याची आमची इच्छा आहे." त्यांनी पत्र दोन्ही हातांत धरलं होतं. "अहो, ज्यांना आवाज हवा त्यांना शटर नको कसं असेल? ऑर्डर आलीच समजा!"

आम्ही समजलो. इतकी वर्षं त्या बेल्जियमच्या माणसाकडून बातम्या घेणारे आम्ही, आणि पहिल्यांदा आम्हालाच पत्र आलं तर हुरळून गेलो. खोली धुतली, खिडक्या पुसल्या, चहाबरोबर द्यायला गोड पाव मागवले.

आवाज टिपायला मिझुशिमाबाई आल्या. पन्नाशीच्या, शांत, हातात लोकरी कापडात गुंडाळलेले माइक. बाहेर कमरेएवढं बर्फ होतं. त्या म्हणाल्या, छान, बर्फ सगळा गोंगाट गिळतं. मग आम्ही हीटर बंद केला, पाण्याचा फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून अंगणात नेऊन ठेवलं. सहा माणसं कोट घालून भिंतीला टेकून उभी. वाताबे-सानांच्या पोटात गुरगुरलं तर त्यांनाही बाहेर काढलं.

इगाराशी-सानांनी तीन कॅमेरे आणले, त्यांनी निवडलेल्या तीन शटरांचे, रुमालात बांधून. चिठ्ठ्या काढून टाकलेल्या. मिझुशिमाबाईंनी प्रत्येक चाळीस वेळा वाजवलं, डोळे मिटून. माझे पाय थंडीनं बधिर झाले होते आणि दात वाजू नयेत म्हणून मी जबडा आवळून धरला होता, मला कुठलं काय ऐकू येतंय. तिसऱ्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हा," त्या म्हणाल्या. "याचा शेवट स्वच्छ आहे. कोणी जुळवलाय?"

"खोलीनं," इगाराशी-सान म्हणाले आणि रुमालाची गाठ मारायला लागले.

मला वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय. त्यांचाच असणार. दुसऱ्या कोणाचा असेल?

एप्रिलमध्ये दहाच्या चहाला वाताबे-सानांनी पान उघडलं आणि वाचता वाचता मध्येच गप्प झाले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हळू. नव्या कॅमेऱ्यात शटर नाही. मुळातच नाही. उजेड टिपणारी चिपच आता इतकी वेगवान झाली, की पडद्यांची गरज उरली नाही. हलणारा एकही भाग नाही, झीज नाही, आवाज नाही. ज्यांना जुनी सवय आहे त्यांच्यासाठी एका छोट्या स्पीकरमधून शटरचा आवाज ऐकवायची सोय. खाली लोकांनी लिहिलं होतं, अखेर! वाट बघत होतो! कुणीतरी टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं टाकली होती, ओळीनं सहा.

 कोणाला बोलणार? कंपनीनं आम्हाला फसवलं नव्हतं. आवाज मागितला, आम्ही दिला, जपणार म्हणाले होते, जपत होते. घंटा झाली तशी मी जागेवर जाऊन अर्धं राहिलेलं शटर उचललं, कारण त्या दिवसाचा आकडा पुरा व्हायचा होता. सप्टेंबरअखेर शटरखोली बंद होणार, असं मे महिन्यात रीतसर कळलं.

मग मी एकच गोष्ट धरून बसले. खोली जाणार तर जाऊ दे. तिला मी अडवू शकत नव्हते, वाताबे-सान अडवू शकत नव्हते, ती कोणाच्या हातातच नव्हती. पण तिच्या आधी एकदा, एकाच शटरवर, त्या म्हाताऱ्यानं हात न लावता शिक्का मारावा. चार महिने मी जशी कामं केली तशी आयुष्यात केली नव्हती. ते रोज स्क्रू-ड्रायव्हर उचलायचे.

शेवटच्या दिवशी शेवटचं शटर माझं होतं. मी ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. त्यांनी वाजवलं. चार वेळा, पाच वेळा. माझ्याकडे एकदा बघितलं. मग स्क्रू-ड्रायव्हर घेतला, केसभर फिरवला आणि शिक्का मारला.

निरोपाच्या जेवणाला मी त्यांच्यापासून सगळ्यात लांब बसले. कंपनीनं आभार म्हणून पाठवलेला नवा कॅमेरा वाताबे-सानांनी इगाराशी-सानांना दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या नाहीत. जाताना ते "योशिए" म्हणाले. मी चपला घालत होते, ऐकू आलंच नाही असं दाखवलं.

ऑक्टोबरात भात शिजवायचा कुकर घ्यायला मी जवळच्या कोरियामा शहरातल्या मोठ्या दुकानात गेले. जिन्याजवळच तो कॅमेरा साखळीला बांधून ठेवला होता. मी बटण दाबलं. काहीच नाही, नुसती शांतता, आणि मागच्या स्क्रीनवर माझ्याच पिशवीचा फोटो.

"याचा आवाज कसा चालू करायचा?" मी दुकानातल्या माणसाला विचारलं. टक्कल पडलेला, माझ्याच वयाचा माणूस.

"आवाज?" तो हसला. "बाई, तुम्ही पहिल्या. सगळे म्हणतात आवाज नाही हेच भारी. लग्नात चालतो, नाटकात चालतो, पक्षी उडत नाहीत. बंदच येतो तो." तरी त्यानं शोधला, मेनूतल्या आठ-दहा याद्या उघडून, अगदी तळाशी.

मी दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. पहिला पडदा धावला, दुसरा आला, आणि दारात एकदम थांबला. कोरडा, हट्टी, स्वच्छ.  तो आवाज मी कुठेही ओळखला असता. तो माझा होता.

कुकर तसाच सोडून मी परत आइझूची गाडी पकडली आणि इगाराशी-सानांच्या घरी गेले. ते ओसरीवर पाठमोरे बसले होते, भोवती टोपल्या भरून तांबूस फळं. आमच्याकडची ही काकी नावाची फळं झाडावरून उतरवली की तुरट असतात, देठ दारूत बुडवून पिशवीत बंद ठेवली की गोड होतात. ते एकेक देठ बुडवत होते.

"तो माझा होता!" मी मागूनच ओरडले. "तिसरा! तुम्ही माझा दिलात आणि मला सांगितलंही नाहीत!"

ते देठ बुडवत राहिले.

"बहिरे झालात का?"

दारात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "समोर ये गं," त्या हळूच म्हणाल्या. "तोंड दिसलं की कळतं त्यांना."

मी समोर जाऊन बसले. इगाराशी-सानांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं फळ खाली ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. जाड आवाज येतात थोडे. बारीक गेले. शटरचा आवाज तर सगळ्यात आधी गेला."

"मग माझ्या शटरांना कसला स्क्रू फिरवत होता?"

"फिरवायचो आणि तेवढाच उलटा फिरवायचो. तुझ्या बाजूनं ते दिसायचं नाही." ते पायांकडे बघत होते. "ऐकू येत नव्हतं, पण बोटाला लागायचं. कॅमेऱ्याच्या अंगावर बोट ठेवलं की शेवटी थरथरतं का, थांबतं का. त्या दिवशी दोन माझे होते. दोन्ही थरथरले. तुझा थांबला."

"मग शिक्का का नाही मारलात तसाच? एकदा तरी! शेवटच्या दिवशी तरी!"

त्यांनी खाली ठेवलेलं फळ पुन्हा उचलून दारूत बुडवलं. मला वाटलं, माझं तोंड नीट दिसलं नाही. पण दिसलं होतं.

"तसा मारला असता तर चौकट तुझी झाली असती," ते म्हणाले. "मग मी घरी. मला घरी यायचं नव्हतं, योशिए. शेवटच्या दिवशी... तोवर इतक्यांदा खोटं फिरवलं होतं, की एकदाच खरं करायची लाज वाटली."

इतका राग आला होता मला, सव्वीस वर्षांचा, आणि ठेवायला जागा सापडेना. समोर एक बहिरा म्हातारा, हाताला दारूचा वास. त्याला काय बोलणार? आणि त्यानं आता हजार शिक्के मारले असते तरी ते लावायचे कशावर? मी रडायला लागले, आणि ते बघून काकू आत गेल्या आणि कंपनीच्या कॅमेऱ्याचा खोका घेऊन आल्या. अजून चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"वाजव," इगाराशी-सान म्हणाले.

मी याद्या उघडल्या, तळाशी गेले, आवाज चालू केला. मोठ्यात मोठा केला. त्यांनी बोटं पँटला पुसली आणि मधलं बोट कॅमेऱ्याच्या अंगावर ठेवलं, शटरवर ठेवायचे तसं, अलगद, डोळे मिटून.

मी दाबलं. टक्.

"दाब की," ते म्हणाले.

"दाबलं."

त्यांनी डोळे उघडले. बोट जरा सरकवलं, खाली, मग कडेला, जिथे काहीतरी हलेल अशी जागा शोधत. पण आत हलणारं काही नव्हतंच. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. दर वेळी माझा पडदा पळत आला आणि दारात थांबला. दर वेळी ते वाट बघत राहिले.

"वाजतोय?" त्यांनी विचारलं.

"वाजतोय."

"शेवटी थांबतो ना?"

मी त्यांच्या समोर तोंड धरलं, नीट दिसेल असं. "थांबतो," म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण बोट काढलं नाही.