नाव न दिसणारं राज्य

सल्लागार खुर्चीवर टेकणार, एवढ्यात आईनं त्यांच्या खालून अर्धी ओवलेली कपाळपट्टी ओढून घेतली.

"वाचली," बाबा म्हणाले. "तुझ्याखाली गेली असती तर घोड्याऐवजी हत्तीलाच विकावी लागली असती."

"चहा पाजायच्या आधीच सुरुवात?" सल्लागारांनी खुर्चीवरून हात फिरवला, आणखी काही टोचणारं नाही याची खात्री केली आणि मगच अंग टाकलं.

ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. लोकांचे कर भरून देणं, कंपन्या काढून देणं हा त्यांचा धंदा. मित्राच्या घरी फी मागता येत नाही, त्यामुळे ती ते खाण्यापिण्यातून वसूल करत. आज मात्र त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. अमेरिकेत कंपनी काढायची होती, आणि ती तिथल्या कुठल्या राज्यात काढायची ते ठरत नव्हतं.

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीपाशी आईचं टेबल, त्यावर रंगारंगाच्या मण्यांचे ट्रे. पलीकडे चामड्याच्या गुंडाळ्या आणि बाबांची कापायची फळी. गोंदाचा वास इतका मुरलेला, की घरच्यांना तो येतच नसे. घोड्याच्या तोंडावर जो साज चढवतात, त्यातली एक पट्टी कानांच्या खालून कपाळावर आडवी येते. बाबा ती कापायचे, कडा घासायचे, आणि आई तिच्यावर काचेचे मणी बसवायची. घरातल्या कुणी आजवर घोड्याला हात लावला नव्हता. पट्टीला बाक बरोबर आला का, हे बघायला बाबा पाय दुमडून बसायचे आणि आई त्यांच्या गुडघ्यावर पट्टी ताणून धरायची.

"हलू नका."

"घोडा हलतोच की."

"घोडा एवढं बोलत नाही."

माल विकायचं काम मुलीचं. बाबा तिला मॅनेजर म्हणायचे. ते नाव इतकं रुळलं होतं, की शेजारचेही दार वाजवून "मॅनेजर आहे का घरात?" असं विचारायचे. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, ती आता शाळेतून आली की गणवेशावरच फोन लावायची आणि सातासमुद्रापलीकडच्या बायकांशी घडाघडा इंग्रजीत बोलायची. फ्लोरिडातली एक दुकानवाली बाई तर तिच्यावर खूशच होती. घोड्यांच्या सामानाचं तिचं मोठं दुकान. निम्म्याहून जास्त पट्ट्या तीच घ्यायची. आता तिनं आणखी तीन दुकानांकडे शब्द टाकला होता. अट एकच, बिल अमेरिकन कंपनीचं पाहिजे.

"तर," मॅनेजर उभी राहिली. तिनं कार्डबोर्डवर रंगीत पेनांनी तक्ता करून ठेवला होता. "मालक परदेशातला असला तरी तिकडे कंपनी काढता येते, आणि राज्य आपण निवडायचं. डेलावेअर मोठ्यांसाठी, ज्यांना बाहेरचे गुंतवणूकदार घ्यायचेत. ते आपण नाही."

"आपण नाही," बाबांनी गंभीरपणे मान डोलवली.

"राहिली दोन. वायोमिंग आणि फ्लोरिडा. माझं मत वायोमिंग."

"पोर तयार झाली रे," सल्लागार म्हणाले. "माझ्या पोटावर पाय देणार ही. बरोबर आहे सगळं. फक्त एक सांगतो, वहिनी. कंपनी ज्या राज्यात, त्या राज्यात सरकारी टपाल घ्यायला एक पत्ता आणि एक माणूस लागतो. वायोमिंगमध्ये आपलं कुणी नाही, म्हणजे एजंट धरायचा, त्याला दरवर्षी पैसे. फ्लोरिडात ती दुकानवाली बाई स्वतःहून म्हणाली होती ना, माझा पत्ता वापरा म्हणून?"

"तसं सहज म्हणाली होती," मॅनेजर म्हणाली.

"सहज म्हणालेलंच खरं असतं. शिवाय गिऱ्हाईक तिथंच. दुसरा फरक असा, की फ्लोरिडात कंपनीचा कारभार कुणाकडे आहे, ते सरकारच्या वेबसाइटवर उघड दिसतं. वायोमिंगमध्ये मालकाचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही."

"म्हणजे फ्लोरिडात मालकीणबाईंचं नाव झळकणार," बाबा म्हणाले.

आईनं सुई मेणाच्या गोळ्यात खोचली. "माझं?"

"कंपनी तुमच्याच नावावर काढायची ना? मग तुमचंच."

"आणि कुणालाही दिसतं?"

"घरबसल्या. थांबा, दाखवतोच."

सल्लागारांनी लॅपटॉप उघडला, काहीतरी शोधलं आणि पडदा आईकडे वळवला. कुणा अनोळखी बाईचं नाव होतं, खाली पत्ता. आईनं पदराला हात पुसले. मग ती पडद्याजवळ वाकली आणि बराच वेळ त्या परक्या नावाकडे बघत राहिली.

"इथं माझं येईल?"

"इथंच. याच जागी. तुमचं पूर्ण नाव."

सरळ होताना तिनं कपाळावरची बट कानामागे सारली. फोटोला उभं राहताना सारायची, तशी.

मॅनेजरनं ते पाहिलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं. "पण आई, हे धोक्याचं आहे. नाव दिसलं की कुणीही फोन करणार, फसवणारे मागे लागणार. वायोमिंग कसं, शांत. शिवाय तिथली सरकारी फी कमी."

"फी कमी, पण एजंट आला की बरोबरी," सल्लागार म्हणाले.

"तरीपण."

"अगं, आपण काय चोऱ्या करतोय का, नाव लपवायला?" बाबांनी विचारलं.

"लपवणं नाही हो बाबा. प्रायव्हसी असते ती."

"आपल्या न्हाणीघराला कडी नाही, आणि हिला प्रायव्हसी पाहिजे अमेरिकेत."

सल्लागार खो खो हसले. मॅनेजर हसली नाही. तिचा आवाज चढत चालला होता आणि तो चढतोय हे तिलाही ऐकू येत होतं. एरवी ती गिऱ्हाइकाला असं काही पटवायची, की समोरच्याला वाटावं ही त्याचीच कल्पना होती. आज मात्र शब्द नुसते एकावर एक पडत होते.

महिन्यापूर्वी दुकानवालीला व्हिडिओ कॉलवर बघायचं होतं, की मण्यांमागची दुहेरी गाठ कशी पडते. मॅनेजर समजावत होती खरी, पण गाठ तिला कुठं येत होती? शेवटी मागून आई पुढे आली. केस पिंजारलेले, जुनाट साडीवर गोंदाचे वाळलेले ठिपके, दातांत सुई. तिनं कॅमेऱ्यासमोर दोरा धरून गाठ मारली, "धिस, देन धिस, फिनिश," असं म्हणाली आणि सुई दातांत तशीच ठेवून हसली. गाठ इतकी सुरेख बसली, की दुकानवालीनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं विचारलं, या कोण?

मॅनेजर तेव्हा केस विंचरून, चांगला शर्ट घालून, मागे कोरी भिंत येईल अशी बसली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, की या आमच्याकडे कामाला असतात.

किती पटकन गेलं. मराठीत ते वाक्य घशातच अडकलं असतं. इंग्रजीत ते सुळ्ळकन निसटलं. आईनं दुकानवालीला हात हलवून दाखवला आणि ती पुन्हा मण्यांपाशी जाऊन बसली. आईला इंग्रजी येत नाही, असं घरात सगळेच धरून चालायचे. आईनंही ते कधी खोडून काढलं नव्हतं.

तेव्हापासून दुकानवाली प्रत्येक फोनवर त्या बाईची नाव घेऊन चौकशी करायची. त्यांना जपा, असे हात पुन्हा मिळायचे नाहीत, पगार वाढवा त्यांचा. फोन स्पीकरवर असायचा, बाबा चामडं कापत असायचे, आई मणी ओवत असायची. मॅनेजर "हो, हो" करायची. बाबांनी विचारलं तर सांगायची, काम आवडलं म्हणतेय. खोटं एकदाच बोलावं लागतं. पुढे ते आपलं आपण वाढतं, त्याला पाणीसुद्धा घालावं लागत नाही.

आणि आता त्याच दुकानवालीच्या राज्यात, तिच्याच पत्त्यावर, मालकीण म्हणून आईचं नाव लागणार होतं.

"बरं, मग काय लिहू?" सल्लागारांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या मते फ्लोरिडा. पण कंपनी वहिनींची. त्या म्हणतील तसं."

आईनं सुई उचलली. दोरा ओवायला ती खिडकीकडे वळली आणि तशीच, पाठमोरी म्हणाली, "वायोमिंगच करा, भावजी."

"अहो, एजंटाला दरवर्षी..."

"देऊ."

"का पण?" बाबांनी सुरी बाजूला ठेवली. "मघाशी तर पडद्याला नाक लावून बघत होतीस."

"नाव दिसलं तर ती दुकानवाली उगाच गोंधळात पडेल."

"कसला गोंधळ?"

"आहे काहीतरी. तुम्ही चामडं कापा."

बाबांनी खांदे उडवले. सल्लागार टाइप करायला लागले.

मॅनेजरचे कान तापले, मग गाल, मग मानेपर्यंत सगळं. तिला आईचा चेहरा बघायचा होता आणि बघवतही नव्हता. म्हणजे आईला तेव्हाच कळलं होतं. पहिल्याच दिवशी. सुई दातांत होती, ओठ हसत होते, आणि तरी कळलं होतं. त्यानंतरचं प्रत्येक "पगार वाढवा" आईनं ऐकलं होतं. मणी ओवता ओवता, मान वर न करता, एकेक. आणि आताही ती बाबांना काही सांगत नव्हती. मुलीचं खोटं तिनं आपल्या पदराखाली घेतलं होतं, वर त्याचे दरवर्षी पैसेही भरणार होती.

"वायोमिंग," सल्लागार स्वतःशीच म्हणाले. "डब्ल्यू, वाय..."

"फ्लोरिडा," मॅनेजर म्हणाली.

आवाज इतका बारीक आला, की सल्लागारांना पुन्हा विचारावं लागलं. "काय म्हणालीस?"

"फ्लोरिडा करा, काका."

"अगं, तुझाच तक्ता ना हा?"

"तक्ता चुकलाय."

आई वळली. "चुकू दे. तीन दुकानं जोडून देणारी बाई आहे ती. तिचा विश्वास उडाला आणि ऑर्डरी गेल्या, तर एवढा माल काय यांच्या गुडघ्यावर बांधून मिरवायचा?"

"मला चालेल," बाबा म्हणाले. "पण माझा पगार वाढवा."

तो शब्द खोलीत पडला आणि मॅनेजरनं खाली पाहिलं. बाबांना कशाचाच पत्ता नव्हता. ते आपल्याच विनोदावर खूश होऊन पुन्हा फळीकडे वळले होते.

"तुम्ही मायलेकी एक काय ते ठरवा," सल्लागार म्हणाले. "फ्लोरिडा असेल तर त्या बाईंना नीट विचारावं लागेल. पत्ता कुणाच्या कंपनीसाठी देताय, मालक कोण, हे त्यांना ठाऊक हवं. तिकडे आत्ता सकाळच झाली असेल. लावा की फोन."

मॅनेजरनं आईकडे पाहिलं. आई दोऱ्याला मेण लावत होती.

"ती रागावली तर?" मॅनेजरनं विचारलं.

"रागावेल," आई म्हणाली. "तिचा हक्क आहे."

मॅनेजरनं फोन उचलला. दुकानवालीचं नाव शोधायला एरवी तिला बघावंसुद्धा लागायचं नाही. आज अंगठा दोनदा भलत्याच नावावर पडला. सुरुवात कशी करायची, ते ती मनात जुळवत होती. एवढं इंग्रजी येत होतं, भाव करायला, हसवायला, माल उशिरा गेला तर माफी मागायला. पण हे वाक्य ती कुठूनही सुरू केलं तरी मध्येच मोडत होतं. तिनं व्हिडिओचं बटण दाबलं.

पहिली रिंग गेली, तशी आई उठली. एका हातात मण्यांचा ट्रे, दुसऱ्या हातात स्टूल. टेबलाच्या कोपऱ्याला वळसा घालून, चामड्याच्या गुंडाळीवरून पाय उचलून, न बघता, कशाला धक्का न लावता ती दाराआडच्या भिंतीशी गेली आणि तिथं बसून पुन्हा मणी ओवायला लागली. तिथवर कॅमेरा पोचत नव्हता. त्या जागेवर फरशीत स्टुलाच्या पायांच्या चार पुसट खुणा होत्या.

तिला तिथं बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी रिंग गेली. मॅनेजरनं मागच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग फोन तसाच धरून ती टेबलाला वळसा घालून गेली, आईच्या स्टुलाशेजारी फरशीवर बसली आणि दोघी मावतील एवढा हात लांब केला. पलीकडून फोन उचलला गेला.