मी झाकलेली ओळ छापली

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत चादरीखाली काहीतरी काळे, जड आणि शाईने माखलेले दिसते ना, तो मी. मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. शेजारच्या फळीवर प्लास्टरचे दात रांगेने मांडले आहेत, त्यांना भिऊ नका. ते आजवर कुणाला चावलेले नाहीत. गेली पाच वर्षे माझ्या पोटात एक प्रश्न अडकून बसला आहे. तुम्ही शाळेत जाता, तेव्हा तुम्हाला त्याचे उत्तर येत असेल अशी माझी भाबडी आशा आहे.

माझे काम कसे चालते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. मेणाच्या पातळ कागदावर टाइप केले की अक्षर पडेल तिथले मेण निघून जाते. तो कागद माझ्या गोल ढोलावर चढवायचा, आत शाई भरायची आणि मूठ फिरवायची. मेण गेलेल्या जागेतून शाई झिरपते आणि कागदांवर कागद छापून पडू लागतात. टाइप करताना चूक झालीच, तर तिच्यावर लाल औषध फासतात. ते सुकले की जागा बुजते आणि चूक छापली जात नाही. मात्र औषध नीट सुकू द्यावे लागते. माझ्या साऱ्या गोंधळाचे मूळ या एका वाक्यात आहे.

तरुणपणी मी एका शाळेत होतो. परीक्षेचे पेपर मीच छापत असे. मुख्याध्यापक माझे कौतुक करीत आणि मुले माझ्या नावाने बोटे मोडीत. पुढे शाळेने मला निकालात काढले, तेव्हा दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला उचलून आणले. त्यांना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईला देशाच्या संसदेत जायचे होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचे निवडणुकीचे कार्यालय होते. तिथे लवंगेच्या तेलाचा आणि माझ्या शाईचा मिळून एक विचित्र वास येई. ताई पुढच्या खोलीत दात काढता काढता आपली मते सांगे. खुर्चीतल्या माणसाला वाद घालता येत नसे, कारण त्याचे तोंड उघडे असे आणि त्यात ताईचा हात असे.

ती मते साधी होती. ज्याला जसे जगायचे, बोलायचे, पुजायचे किंवा न पुजायचे असेल तसे त्याला करू द्यावे, आणि दुबळ्याच्या पाठीशी सरकारने उभे राहावे. अशा माणसाला उदारमतवादी म्हणतात. ताई ते उघड म्हणे, प्रत्येक पत्रकाच्या पहिल्या ओळीत म्हणे, आणि दोन वेळा हरली होती. तिच्या पक्षातले वडीलधारे म्हणत, "उदारमतवादी माणूस चहाला बोलवावा, संसदेत पाठवू नये." तिसऱ्यांदा पडली तर पुन्हा तिकीट मिळणार नव्हते.

प्रचाराचे सगळे तिचा धाकटा भाऊ पाही. त्याला टक्कल पडले होते तरी ताई त्याला छोट्याच म्हणे. बहिणीवर त्याचा जीव होता. तिसऱ्या निवडणुकीच्या वेळीही ताईने मजकूर दिला, "मी उदारमतवादी आहे. हे लपवून मला कुणाचे मत नको." टाइप करणाऱ्या मावशींनी तो मेणकागदावर उतरवला. ताई पुढे रुग्ण पाहायला गेली, तसे छोट्याने लाल औषधाची बाटली उघडली आणि ती अख्खी ओळ झाकून टाकली.

"अरे, तिला विचारलंस का?" मावशी म्हणाल्या.

"विचारलं तर ती हो म्हणणार आहे का? हा शब्द ऐकला की अर्धी माणसं बिचकतात आणि अर्धी जांभई देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी. एकदा निवडून येऊ दे, मग सांगू दे काय सांगायचं ते."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हो. आणि ते सुकू तरी दे!"

पण छोट्याला कुठला दम निघतो! ओल्या औषधानिशीच त्याने कागद माझ्यावर चढवला आणि मूठ फिरवू लागला. पहिली हजारभर पत्रके डोक्यावर कोरी जागा घेऊन निघाली. ती टेकडीवरच्या वस्तीत वाटायला गेली. मग औषधाचा पापुद्रा सुटला. मला ते जाणवले, गुदगुल्या झाल्यासारखे. झाकलेली ओळ हळूहळू वर आली, आधी फिकट, मग ठसठशीत. छोट्या घामाघूम होऊन मूठ फिरवत होता, त्याने खाली पाहिलेच नाही. ओळ उमटलेली ती पुढची दोन हजार पत्रके गोदामांच्या वस्तीत गेली.

आणि ताई निवडून आली. थोडक्या मतांनी, पण आली. छोट्या दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी टेकडीवरचे एक घड्याळजी दाढ दाखवायला आले. त्यांच्या खिशातले पत्रक ताईने पाहिले. मग गोदामांच्या वस्तीतून परत आलेले एक पत्रक तिने शेजारी ठेवले आणि छोट्याला मागच्या खोलीत बोलावले. मी इतकी वर्षे तिथे होतो, पण ताईचा आवाज इतका हळू झालेला कधी ऐकला नव्हता.

"मग निवडून कोण आलं रे? मी, की ही कोरी जागा?"

"ताई, तूच आलीस. दोन्ही वस्त्यांत तुझी मतं वाढलीत. सारखीच वाढलीत!"

"तेच तर. म्हणजे मला आता कधीच कळणार नाही." ती खुर्चीत बसली. "तू मला हरू द्यायला हवं होतंस, छोट्या. ते माझं होतं."

 मला छोट्याचीही दया आली आणि ताईचीही. खरे तर रागही दोघांचा आला, कारण पापुद्रा सुटला तो माझ्या पोटावर, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी छापले ते बरे केले की वाईट, हे मला कुणीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने ती एकच ओळ टाइप करून घेतली आणि स्वतः माझी मूठ फिरवून हजार कागद छापले. ते घेऊन ती टेकडीवर दारोदार गेली. निवडून आल्यावर मतदारांच्या दारात जाणारी माणसे मी तरी फारशी ऐकलेली नाहीत. संध्याकाळी परत आली तेव्हा ती हसत होती, पण ते हसू काही खरे नव्हते.

"घड्याळजी म्हणाले, हे आधी कळतं तर मत दिलं नसतं," ती मावशींना म्हणाली. "आणि त्यांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, हे आधी कळतं तर मी मत द्यायला आले असते. वर कोरं पाहून वाटलं, ही पण इतरांसारखीच. म्हणून घरी बसले."

सांगा आता! धरले तर चावते आणि सोडले तर पळते. मी तेव्हापासून हिशेब लावतो आहे. घड्याळजी वजा, आजी अधिक, उरले काय? अशी टेकडीवर आणखी किती माणसे असतील? गोदामांकडच्या लोकांनी ती ओळ वाचून मत दिले, की ताईने त्यांच्या दाढा नीट काढल्या म्हणून? मी यंत्र आहे. मला छापता येते, पण बेरीज येत नाही.

पाच वर्षे सरली. माझ्या जागी विजेवर चालणारे नवे यंत्र आले आणि मला इकडे हलवले. माझी शाई वाळली, मूठ गंजली. या निवडणुकीला ताई पुन्हा उभी राहिली. ती ओळ सगळ्या पत्रकांवर होती, हे मला मावशींच्या बोलण्यातून कळले. मनात म्हटले, या खेपेला तरी माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

परवा मोजणी होती. दुपारी बाहेर एकदम गलका झाला. ओरडणे आनंदाचे की दुःखाचे, ते भिंतीतून ओळखू येईना. इतक्यात छोट्या आत आला. त्याने माझ्यावरची चादर बाजूला सारली, माझ्या मुठीवर हात ठेवला आणि हुंदके देऊन रडला. "या खेपेला एक अक्षरही झाकलं नाही," एवढेच म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, मी पुरता चक्रावलो. तो ताई हरली तेव्हा दोनदा रडला होता आणि जिंकली तेव्हाही रडला होता. त्याच्या रडण्यावरून मला काय कळणार? आणि तेव्हापासून इकडे दुसरे कुणी फिरकलेही नाही.

तुम्हाला माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या जुन्या यंत्रांची धूळ अधूनमधून पुसत जा, दोन थेंब तेल घाला. दुसऱ्याची ओळ त्याला विचारल्याशिवाय पुसू नका, तुमचे त्याच्यावर कितीही प्रेम असले तरी. आणि बाहेर जाल तेव्हा कुणालातरी विचारा, काय झाले ताईचे, आणि मला येऊन सांगा. हरली असेल, तरी सांगा.