ऑड्रीचा बॉयलर

ऑड्री वारली मार्चमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये तिचं घर आमच्या हेदरनं विकत घेतलं. मुलगी शेजारी राहायला येणार म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. घराची तपासणी करायला आलेला माणूस हेदरला म्हणाला होता, बाकी घर ठणठणीत आहे, स्वयंपाकघरातला, घर तापवणारा बॉयलर मात्र फार म्हातारा झालाय, तेवढा बदलून घ्या.

रविवारी हेदर आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिनं हे सांगितलं. विल्फनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हातातला काटा खाली ठेवला.

“काही बदलायचा नाही,” तो म्हणाला. “ओतीव लोखंडाचा आहे तो. असले आता बनत नाहीत. आपण सगळे जाऊ, तो चालूच राहील.”

“बाबा, त्याचे पार्ट मिळत नाहीत आता.”

“मला मिळतात.”

“तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली? तुमचं लायसन्ससुद्धा संपलं.”

“बदल,” मी म्हणाले. “उद्याच्या उद्या बदल. पैसे कमी पडले तर मी देते.”

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. चहाची एक पिशवी दोन कपांना वापरणारी बाई मी. पण त्या बॉयलरनं मला इतकी वर्षं छळलं होतं की तो उचलून नेताना बघायला मी माझ्या दफनासाठी राखून ठेवलेलं पैशांचं पाकीटसुद्धा फोडलं असतं.

विल्फ जन्मभर गॅस फिटर. हॅलिफॅक्समधल्या निम्म्या घरांचे बॉयलर त्याच्या हाताखालून गेले असतील. आमचं आणि ऑड्रीचं जोडघर, मधली भिंत एक. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली, तेव्हा आम्ही या गल्लीत जुने झालो होतो. कानामागून आली आणि तिखट झाली. आल्या आल्या तिचा बॉयलर बंद पडला. शेजारधर्म म्हणून विल्फला पाठवलं कोणी? मीच.

त्यानंतर तो बॉयलर बिघडतच राहिला. कधी ज्योत विझली, कधी पंप अडकला, कधी खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये हवा भरली. आणि बिघडायचा तोही शहाण्यासारखा, बरोबर दुपारच्या चहाच्या वेळेला. विल्फ हत्यारांची पेटी उचलायचा आणि जायचा. परत यायचा तेव्हा त्याचे गाल लाल झालेले असायचे, आणि हातात झाकलेली ताटली. ताटलीत पार्किन, तो आलं आणि काकवी घातलेला केक. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. मी तो केक परसात पक्ष्यांना घालायची. पक्षी आवडीनं खायचे, त्याचाही मला राग यायचा.

तिकडे बॉयलर पेटला की भिंतीतून धप्प असा आवाज यायचा. त्यामागोमाग थोड्या वेळानं विल्फचं हसू. मी कान लावून उभी राहायची, पण शब्द कळायचे नाहीत. आमच्या टेबलाशी बसून तो तसा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी विचारलंही होतं. “एवढा वेळ करतोस तरी काय तिथे?”

“बॉयलर बघतो.”

“आपला नाही कधी बघावा लागत.”

“आपला कशानं बिघडेल? तू लावतेस कुठे?”

ते मात्र खरं होतं. माझ्या घरात नोव्हेंबर उजाडल्याशिवाय हीटिंग लागत नाही, आणि लागलं तरी थर्मोस्टॅट सोळा अंशांच्या वर जात नाही. थंडी वाजली तर स्वेटर घाला. तरी वाजली तर दुसरा घाला. माझ्या आईच्या घरात खिडक्यांना आतून बर्फ धरायचा, तरी आम्ही सगळी भावंडं धडधाकट वाढलो.

ऑड्री गेली तेव्हा मी दफनाला गेले, सँडविच केली, चारचौघींत तिचं चांगलंही बोलले. मला वाटलं, आता सुटले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं झालं. ती गेली आणि मला काय ते कधीच कळणार नाही, हे आणखी टोचायला लागलं. त्या दोघांत काही होतं का नव्हतं, एवढंच मला हवं होतं. विचारावं तर कुणाला? एक मेलेली, दुसरा मुका.

घराची किल्ली मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात हेदरनं डीन नावाच्या फिटरला बोलावलं. आज जुना काढायचा, उद्या नवा बसवायचा, असं ठरलं. मी ॲप्रन बांधून मदतीच्या नावाखाली तिथे हजर. विल्फ सकाळपासून बॉयलरपाशी उभा.

“ज्योत मी बंद करू का?” त्यानं डीनला विचारलं.

“करा की. तुमचाच आहे म्हणा,” डीन हसत म्हणाला. त्याला काय माहीत, तो कुठे बोट ठेवतोय.

विल्फ गुडघे टेकून खाली बसला. त्या जुन्या बॉयलरमध्ये एक बारीकशी निळी ज्योत कायम तेवत असायची, उन्हाळ्यातसुद्धा. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खटका फिरवला आणि उठून खिडकीपाशी गेला. त्याची पाठ माझ्याकडे होती. माझी आई गेली तेव्हासुद्धा तो असा पाठ करून उभा राहिला नव्हता.

डीन आणि विल्फनं मिळून ते धूड ओढून काढलं आणि बाहेर गाडीकडे नेलं. बॉयलर आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. तिथे धूळ होती, एक चमचा होता, आणि स्लिपरचा एक जोड होता. व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवलेला, ऊब लागेल असा. पुरुषाच्या, घरात घालायच्या स्लिपर, तपकिरी, आत चौकड्यांचं अस्तर.

त्या मीच घेतल्या होत्या, एका ख्रिसमसला. डाव्या टाचेचं उसवलेलं अस्तर माझ्या हातानं शिवलेलं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात राहिल्या, असं त्यानं मला सांगितलं होतं.

“आई,” हेदर हळूच म्हणाली, “टाकून देऊ?”

“आण इकडे.”

मी त्या घेऊन घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. विल्फ आला. त्यानं त्या बघितल्या आणि खुर्ची ओढून बसला.

“हॉस्पिटलात राहिल्या होत्या ना रे?”

त्यानं डाव्या टाचेच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “तिथे गरम असायचं, थेल्मा.”

“काय?”

“तिचं घर गरम असायचं. बाकी काही नाही. जन्मभर लोकांची घरं तापवत फिरलो, आणि आपल्या घरी आलो की कोट काढायची सोय नाही. तिच्याकडे जायचो, स्लिपर घालायचो, बॉयलरला पाय लावून बसायचो. तो कधी बिघडलाच नव्हता. एकदाच बिघडला होता, पहिल्यांदा.”

“आणि ती काय करायची?”

“पेपरातलं कोडं सोडवायची. मी चुकीची उत्तरं सांगायचो.”

“मला सांगायला काय झालं होतं? थंडी वाजते म्हणून?”

“दर हिवाळ्यात सांगितलं. तू म्हणायचीस, स्वेटर घाल.”

मी उठून सिंकपाशी गेले, कारण मला हसू यायला लागलं होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं मी एका बाईवर जळत होते, आणि सवत निघाली कोण, तर लोखंडाची पेटी. तीही आता डीनच्या गाडीत पडून भंगारात चालली होती. ऊब हवी होती ना त्याला? मग ऊब माझ्याकडेही होती. गॅसचं बिल मेलं चुलीत जाऊ दे.

मी थर्मोस्टॅट बावीसवर नेला. आमच्या घरात तो आकडा कोणी कधी पाहिला नव्हता. रेडिएटर कुरकुरले, तापले, आणि त्यांच्यावरची धूळ जळल्याचा वास घरभर पसरला. मी त्या स्लिपर झटकून रेडिएटरवर ठेवल्या. दुपारी विल्फ वरून खाली आला आणि दारातच थबकला.

“कोणी पाहुणे येणार आहेत का?”

“तूच आहेस की पाहुणा. बस.”

त्यानं एक स्वेटर काढला, मग दुसरा काढला. मी स्लिपर त्याच्या पायाशी ठेवल्या, त्यानं घातल्या. “छान वाटतंय,” तो म्हणाला, आणि ते खरंच म्हणाला. मी पेपर उघडून कोड्याचं पान काढलं आणि एक शोधसूत्र वाचून दाखवलं. त्यानं उत्तर सांगितलं. बरोबर सांगितलं. मी ते लिहिलं आणि पेपरची घडी करून ठेवली.

थोड्या वेळानं तो खुर्चीत चुळबुळ करायला लागला. घड्याळाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

“शेजारी जरा डोकावून येतो,” तो म्हणाला. “पाइप गळायला नकोत.”

मी चहा केला. तो निवला. बाहेर अंधारून आलं तरी त्याचा पत्ता नाही, तेव्हा मी शाल ओढून निघाले. हेदर कधीच तिच्या जुन्या घरी परत गेली होती. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

घर बर्फासारखं गार होतं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, बाहेरचा रस्त्यावरचा उजेड तेवढा आत आला होता. विल्फ एका उलट्या खोक्यावर बसला होता, कोट घालून, टोपी घालून, पायात त्या स्लिपर. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. बॉयलर होता तिथे जमिनीवर नव्या कोऱ्या रंगाचा चौकोन उघडा पडला होता, आणि त्यानं पाय त्या चौकोनाकडे पसरले होते.

“विल्फ, घर तापलंय तिकडे.”

“हो. चांगलं तापलंय.”

“मग इथे काय आहे?”

“इथे काही नाही,” तो म्हणाला.

भांडायला मी वर्षानुवर्षं शब्द जमवून ठेवले होते. त्यातला एकही इथे लागू पडत नव्हता. तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता, हे मला दिसत होतं. गरम असायचं म्हणून जातो, असंच त्या माणसाला आजपर्यंत वाटत आलं होतं. आता ऊब नव्हती, आणि तरी तो येऊन बसला होता, आणि त्याचं त्यालाच ते नुकतं कळत होतं. ऑड्री, तू जिवंत असतीस तर तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या मी.

“तू जा,” तो म्हणाला. “गारठशील. मी येतोच थोड्या वेळानं.”

मी घरी आले. खोली इतकी तापली होती की मला माझा स्वेटर काढावा लागला. सवयीनं भिंतीपाशी गेले आणि कान लावला. धप्प नाही, हसू नाही, काहीच नाही. मी थर्मोस्टॅट सोळावर आणायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. राहू दे म्हटलं. येईल तेव्हा काकडलेला असेल मेला.