भांगात यंत्र उशिरा बोलते

प्रणालीने मला बजावले होते, "आजोबा, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत कोणाला काही सांगायचं न्हाय." मी कोणाला काही सांगितले नाही. मी लिहिले. सांगू नका म्हणाली होती, लिहू नका म्हणाली नव्हती. यावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे. चूक माझी आहे हे मला पटते, तरी राग जात नाही.

यंत्र काय होते ते आधी सांगतो. खलाशाच्या कमरेला पट्टा, पट्ट्यात पाणी ओळखणारा सेन्सर. माणूस बोटीवरून पडला की केबिनमधला भोंगा वाजतो आणि पडल्याची जागा पडद्यावर राहते. माझा धाकटा भाऊ सदा असाच गेला. आम्ही जाळे ओढत होतो, तो मागे होता. वळून पाहिले तर नव्हता. किती वेळ नव्हता, तेही कोणाला सांगता आले नाही.

प्रणाली माझी नात. पनवेलला शिकून इंजिनिअर झाली. तिने पट्टे बनवले आणि आमच्या बोटीवर दिले. पहिल्या दिवशी भोंगा चाळीस वेळा वाजला. अंगावर लाट आली तरी वाजायचा. दुपारपर्यंत खलाशांनी सेल काढून खिशात टाकले.

"पट्टा भिजला म्हणजे माणूस पडला असं नसतं, पोरी," मी म्हणालो. "पडलेला माणूस बोटीपासून लांब जातो. ते बघायला लाव तुझ्या यंत्राला."

"किती वेळ बघायचं?"

"तिथी कुठली हाय त्यावर."

पुनवेला आणि अवसेला उधाण असते. पाण्याला ओढ मोठी, माणूस बघता बघता लांब जातो. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाणी मंद असते, त्याला आम्ही कोळी भांग म्हणतो. तिने तिथ्यांचा तक्ता यंत्रात घातला. उधाणाला यंत्र चार आकडे मोजून ओरडायचे, भांगाला बारा. फुकटचे भोंगे थांबले. खलाशी पट्टा आपणहून बांधू लागले. तिने अर्जात दुसरे नाव माझे लावले. पनवेलचा एक कारखानदार तिला म्हणाला होता, पेटंट हातात पडले तर पट्टे मी बनवीन, नाहीतर नाही.

अर्ज सप्टेंबरात गेला. त्याआधी नारळी पौर्णिमेला आमच्या मच्छीमार सोसायटीची स्मरणिका निघाली. मी एकसष्टाव्या वर्षी साक्षरता वर्गात नीराबाईंकडे अक्षरे शिकलो. त्याच म्हणाल्या, "धर्माजी, काहीतरी लिहून द्या." मी पट्ट्यावर दोन पाने लिहिली, चित्रासकट. ती छापून आली. मी स्वतः घरोघर जाऊन स्मरणिका वाटली. कोणी वाचली नाही. लोकांनी आपापले फोटो शोधले आणि नंतर तिच्यावर सुकट निवडली. सोसायटीने मात्र ती वेबसाइटवर टाकली.

दीड वर्षाने पेटंटच्या साहेबाचा तपासणीचा कागद आला. साहेब दुसऱ्या राज्यातले. त्यांनी लिहिले होते की, पाण्यात वाजणारा पट्टा परदेशात जुनाच आहे. लांब जाणारा माणूस ओळखण्याची युक्ती अर्जाच्या आधीच छापून आली आहे. कुठे, तर आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत, पान एकोणीस.

माझी बायको वेणूबाई हसून हसून बेजार. "अख्ख्या कोळीवाड्यात कोणी वाचलं न्हाय, आणि त्या साहेबाने वाचलं! धाडा त्याला एक नारळ."

प्रणाली हसली नाही. तिने दुसरे पान उलटले आणि एकदम ओठ दाबून माझ्याकडे पाहिले. साहेबांनी माझ्या लेखाचे कॉम्प्युटरवर इंग्रजी करून घेतले होते. मी लिहिले होते, 'भांगात यंत्र उशिरा बोलते, उधाणात लगेच बोलते.' त्याचे झाले होते, भांग प्यायल्यावर यंत्र उशिरा बोलते, माणूस उत्साहात असला की लगेच बोलते.

"म्हंजे मी भांग पितो?" मी म्हणालो. मी कधी दारूलाही शिवलो नाही. आमच्या वाडीत त्यावरून लोक मला चिडवतात.

"आजोबा, ऐका. त्यामुळेच आपण वाचलो. तिथीचा भाग लेखात हाय हे त्यांना कळलंच न्हाय. त्यांनी लिवलंय, हा भाग नवा दिसतो, सुनावणीत समजावून सांगा. तेवढ्यावर पेटंट मिळतंय."

"पण त्यांनी माझं वाक्य..."

"तुमचं वाक्य राहू दे. भरती-ओहोटी समजवायची. भांग हा शब्द तोंडातून काढायचा न्हाय. मंद पाणी म्हणायचं. शपथ घ्या."

मी शपथ घेतली.

सुनावणी अलिबागला, कोर्टाजवळ, ऋतिकाबाईंच्या ऑफिसात झाली. त्या आमच्या बाजूने पेटंटचे काम बघतात. मूळच्या पुण्याच्या. त्यांना भांग माहीत ती प्यायची किंवा केसांतला, त्यामुळे लेखात तिथीचे काही आहे असा त्यांना संशय आला नाही आणि प्रणालीने येऊ दिला नाही. अकरा वाजता साहेब पडद्यावर आले. तरुण होते, नीट बोलत होते. ऋतिकाबाईंशी इंग्रजीत बोलले, मग माझ्याशी हिंदीत.

मी चांगले समजावले. पुनव सांगितली, अष्टमी सांगितली. टेबलावर पेपरवेट म्हणजे बोट आणि पेनाचे टोपण म्हणजे पडलेला माणूस, असे सरकवून दाखवले. मंद पाणी, मंद पाणी असे चार वेळा म्हणालो. साहेब लिहून घेत होते. "बहुत बढ़िया," म्हणाले. ऋतिकाबाईंनी वही मिटली. प्रणालीने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मग साहेब हसले. वाईट मनाने नाही, उगाच गंमत म्हणून. "चाचा, आपके लेख में तो कुछ और ही था. बोट पे लोग भांग पीके जाते हैं क्या?"

टेबलाखाली प्रणालीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. मी तोंड मिटून बसलो असतो तर तो माणूस निघून गेला असता. पण ती दोन पाने लिहायला मला सव्वा महिना लागला होता. त्यातले एक वाक्य मी अकरा वेळा खोडून लिहिले होते, आणि ते हेच होते.

"साहब," मी म्हणालो, "वो भांग पीने का नहीं है. वो पानी का नाम है. मैंने सही लिखा है. आपका कॉम्प्युटर गलत है."

साहेबांचे हसू गेले. त्यांनी पेन परत उचलले. "मतलब?"

मग मी थांबलो नाही. भांग काय, उधाण काय, चार आकडे, बारा आकडे, सगळे लेखात कुठल्या ओळीला आहे ते सांगितले. लेख मला पाठ होता. साहेबांनी एकच विचारले, "ये किताब पूर्णिमा को ही बाँटी गई थी?"

"मैंने खुद बाँटी," मी म्हणालो.

ऋतिकाबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला. प्रणालीचा पाय केव्हाच निघून गेला होता.

 रिक्षाने वरसोलीचा फाटा ओलांडल्यावर प्रणाली म्हणाली, "अर्धा तास, आजोबा. अर्धा तास गप बसायचं होतं."

"तो मला भांगड्या म्हणाला."

"म्हणू दे की! तो रोज भेटणार होता का तुम्हाला? पट्टे बनले असते."

मी खिशातून रिक्षाचे पैसे काढून मोजू लागलो.

महिन्याने निकाल आला. अर्ज नामंजूर. कारखानदाराने प्रणालीचा फोन उचलणे बंद केले. निकाल इंग्रजीत होता, ते मला वाचता येत नाही. मी तिला विचारले, माझे वाक्य त्यात कुठे आहे. तिने कागद माझ्या पुढ्यात टाकला, एका ओळीवर बोट आपटले आणि आत निघून गेली.

"बरोबर लिवलंय का आता?" वेणूबाईने विचारले.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "तिला विचार."

"तुम्हीच विचारा."

मी अजून विचारलेले नाही.