लेव्हॉनचे दोन इंच

मित्रांनो, मी मोजमापाची पोलादी टेप आहे. बारा फूट लांब, आणि अंगठ्याने घासून घासून पहिले काही आकडे पुसले गेलेली. ओहायोतल्या एका कारखान्यात माझ्या अंगावर रेघा उमटल्या. मग हार्लन बॉस्टविक यांनी मला घेतले आणि माझे आयुष्य बास्केटबॉलच्या मैदानांवर गेले.

हार्लन पारखी होते. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरायचे, हे त्यांचे काम. सुरुवातीला ते प्रत्येकाला बूट काढायला लावून भिंतीला टेकवून उभे करीत आणि मला लावीत. "माझी टेप खोटं बोलत नाही," असे ते चारचौघांत सांगत. तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे त्यांना अनुभव आला आणि मी खिशात गेले. सामन्याच्या पुस्तिकेत प्रत्येक कॉलेज आपल्या खेळाडूंची उंची फुगवून छापते. एक इंच बुटांचा, एक इंच हौसेचा. हे सगळ्याच पारख्यांना ठाऊक असते. म्हणून हार्लन मोजायचे सोडून छापील उंचीतून सरळ दोन इंच वजा करू लागले. बहुतेक वेळा ते जमूनही जाई.

एका फेब्रुवारीत आम्ही आयोवातल्या एका आडबाजूच्या कॉलेजात गेलो. ते कॉलेज तिथल्या चर्चच्या मालकीचे होते. तिथे लेव्हॉन पिकेट नावाचा एकवीस वर्षांचा फॉरवर्ड, म्हणजे टोपलीजवळ खेळणारा उंच गडी, होता. इतक्या लांब त्याला बघायला दुसरा कोणी पारखी येणार नव्हता. त्या दिवशी टोपलीवरून उसळलेले एकोणीस चेंडू त्याने खेचून घेतले. हार्लननी वहीत लिहिले, 'हात मऊ. चेंडू कुठे पडणार ते आधी कळतं.' पुस्तिकेत त्याची उंची होती सहा फूट सात इंच.

"बूट काढून मोजलाय हं," कोच ऑरिन फेल्प्स म्हणाले. "आमच्या चर्चच्या मंडळींना छापील खोटं चालत नाही."

"ऑरिन, हे मला प्रत्येक कोच सांगतो. एकाने तर बायबलवर हात ठेवला होता."

"मग मोज की. टेप आहे ना खिशात?"

"डोळे कशाला दिलेत देवानं? तुमच्या सेंटरशेजारी केवढासा दिसत होता तो."

सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच खेळाडू, तो सात फूट एक इंच होता. त्याच्याशेजारी कोणीही लहानच दिसला असता.

लेव्हॉन दाराशी उभा होता. त्याने नाड्या सोडून ठेवल्या होत्या. "काढू का बूट, सर?"

"राहू दे रे, फरशी गार आहे," हार्लन म्हणाले.

गाडीत बसून त्यांनी लिहिले, 'सहा फूट पाच. फॉरवर्ड म्हणून बुटका, आणि मागे राहून चेंडू खेळवणारा गार्ड करावा तर चेंडू खेळवता येत नाही. धड इकडचा ना तिकडचा. घेऊ नये.' मी त्यांच्या रुमालाशेजारी पडून होते. जूनमध्ये व्यावसायिक संघांनी निवडलेल्या खेळाडूंची नावे पुकारली, त्यात लेव्हॉनचे नव्हते.

अकरा वर्षांनी कोच फेल्प्स निवृत्त झाले. चर्चच्या तळघरात त्यांच्यासाठी जेवण होते. हार्लनही गेले. कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस जवळ आला.

"ओळखलंत का, सर? लेव्हॉन. लाकडाच्या वखारीत असतो मी आता."

हार्लन मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी मला बाहेर काढले. कोणी न सांगता लेव्हॉनने बूट काढले. एका मोज्याला भोक होते. हार्लननी मला कोचच्या हातात दिले.

"सहा फूट सात," कोच म्हणाले.

त्यांनी मला गुंडाळून हार्लनच्या हातात परत दिले.

"राग येत नाही तुला माझा?" हार्लननी विचारले.

"आधी यायचा, सर. आता आत काही हलतच नाही. गोड खाणार का? ॲपल-पाय आहे." नाड्या बांधून तो बशी आणायला गेला.

हार्लन मला टेबलावर ठेवून निघून गेले. लेव्हॉनने मला उचलले, आणि तेव्हापासून मी वखारीत आहे. लेव्हॉन रोज माझ्याकडून फळ्या मोजून घेतो. मला त्याचा आनंद नाही आणि दुःखही नाही. फक्त बूट काढायला तयार होऊन दाराशी उभा असलेला तो पोरगा आठवतो. मित्रांनो, मला तेल नको, कौतुकही नको. कोणी नाड्या सोडून समोर उभा राहिला, तर तेवढे मला खिशातून बाहेर काढा.