खाण्याजोगी फुलं

थोरलीच्या फुलांत एकच खोट होती, ती फार चांगली व्हायची. यात कसली आलीय खोट, असं तुम्ही म्हणाल. पण थांबा जरा.

घरात तिला थोरली म्हणत आणि तिच्या जावेला धाकटी. थोरली केकवर लावायची फुलं करायची, जिलेटिनची. भुकटी गार पाण्यात भिजवायची, फुगली की भांडं गरम पाण्यावर धरून वितळवायची, वर आलेला फेस निगुतीने काढत बसायचं. मग तेलाचं बोट फिरवलेले चमचे त्यात बुडवायचे आणि खिडकीपाशी वाळत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी चमच्यावरून अख्खी पाकळी सुटून यायची, आरपार दिसणारी. तिला किटलीच्या वाफेवर क्षणभर धरायचं आणि मऊ पडली की बोटांनी वळण द्यायचं. क्षणभर म्हणजे क्षणभरच. जरा जास्त झालं की पाकळीचा शेंबूड होतो. हा शब्द थोरलीचाच आहे, माझा नाही.

घरच्यांना या कलेचं कोण कौतुक! सासूबाई म्हणायच्या, "या घरात एक चमचा जागेवर सापडेल तर शपथ." नवरा जेवायला बसला की आधी खिडकीकडे बघून उसासा टाकायचा आणि मग हातानेच जेवायचा. ज्यांच्या केकांवर ती फुलं जायची, ती मंडळी तर त्याहून रसिक. केक कुणी केला हे सगळे विचारायचे. फुलं अलगद उचलून बशीच्या कडेला ठेवून द्यायचे.

अशात शहरातल्या पाककला विद्यालयाची जाहिरात आली. केकची सजावट शिकवायला एक बाई हव्या होत्या, निवड परीक्षा घेऊन व्हायची होती. पगार बेताचाच होता, पण थोरलीचा जीव पगारात नव्हताच. आपण वर्गात शिरावं, मुलींनी उठून उभं राहावं आणि "नमस्कार बाई" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं ती कुणाची सून होती, कुणाची बायको होती, कुणाची वहिनी होती. तिच्या हाताला काही येतं, हे एकदा कुणीतरी उभं राहून कबूल करावं, अशी तिची फार फार इच्छा होती.

धाकटीनेही अर्ज केला. "तुम्हाला सोबत म्हणून हो, ताई," ती म्हणाली. परीक्षेला सोबत! बाजारात जायला सोबत ऐकली होती, दवाखान्यात जायला ऐकली होती. पण थोरली भोळी. तिने उलट धाकटीला आपले चांगले चमचे काढून दिले. धाकटीला जे काही येत होतं ते थोरलीनेच शिकवलेलं, आणि तेही अर्धंच शिकून झालेलं. फेस काढायचा तिला कंटाळा, म्हणून पाकळीत बुडबुडे. वाफेवर पाकळी धरली की नेमका फोन यायचा, म्हणून पाकळ्या लुळ्या.

आठवडाभर दोघी एकाच खिडकीपाशी बसून फुलं करत होत्या. धाकटी मधूनमधून मान वर करून थोरलीच्या बोटांकडे बघायची आणि म्हणायची, "अगंबाई, हे कसं केलंत?" थोरली पुन्हा करून दाखवायची.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये दोघींचे केक शेजारी शेजारी मांडले होते. भिंतीवर नियम लावला होता, केकवरची प्रत्येक वस्तू खाण्याजोगी असली पाहिजे. परीक्षक तिघं होते. विद्यालयाच्या प्राचार्यबाई, एका मोठ्या हॉटेलातून निवृत्त झालेले मुख्य आचारी, आणि संस्थेचे खजिनदार, ज्यांना केकमधलं एवढंच कळत होतं की तो गोड असतो. अर्थात सगळ्यात जास्त तेच बोलत होते.

धाकटीच्या केकपाशी तिघं थांबले. फुलांनी माना टाकल्या होत्या. "वा!" खजिनदार म्हणाले. "बघताक्षणी कळतं, घरी केलंय. हाताचा स्पर्श आहे याला." हाताचा कसला, अंगठ्याचा ठसाच उमटला होता एका पाकळीवर.

मग ते थोरलीच्या केकपाशी आले. पांढऱ्या केकवर फिकट जांभळ्या फुलांची वेल चढली होती. खिडकीतला उजेड पाकळ्यांतून पलीकडे जात होता.

"बाई," आचारी हळूच म्हणाले, "प्लास्टिक चालत नाही इथे."

"प्लास्टिक नाहीये, जिलेटिन आहे."

"चाळीस वर्षं या धंद्यात घालवली मी. हाताने इतकं एकसारखं होत नाही."

"तुमच्या हाताने होत नसेल," थोरली बोलून गेली. तिचा स्वभाव मुळात तोंडाळ नाही, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने एक पाकळी मोडून पुढे केली. "खाऊन बघा ना!"

आचाऱ्यांनी नुकतीच कवळी बसवली होती. प्राचार्यबाईंना गोड वर्ज्य होतं. खजिनदारांनी हात मागे घेतले. "प्लास्टिक पोटात गेलं तर जबाबदार कोण?"

प्राचार्यबाई त्यातल्या त्यात समंजस. त्यांनी धाकटीकडे वळून विचारलं, "तुम्ही एकाच घरातल्या ना? यांना ही फुलं करताना तुम्ही पाहिलंत?"

थोरलीने हुश्श केलं. झालं, मिटलं. धाकटीच्या एका शब्दाचं काम होतं.

धाकटीने आपल्या लुळ्या फुलांकडे पाहिलं, मग थोरलीच्या वेलीकडे पाहिलं. "मी आपली माझ्या कामात होते हो," ती म्हणाली. "माझं काही लक्ष नव्हतं."

थोरलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. परीक्षकांनी खोटं ठरवलं त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं, ती परकी माणसं. ही घरची होती. तिने ती पाकळी आपल्याच तोंडात टाकली. कडकड आवाज झाला, सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"एक खरी असेल," खजिनदार म्हणाले. "दाखवण्यापुरती. बाकीच्यांचं काय?"

"कुठली खाऊ? तुम्ही सांगा."

त्यांनी बोट दाखवलं. तिने ते फूल खाल्लं. त्यांनी दुसरं दाखवलं, तिने तेही खाल्लं. मग ती विचारायची थांबली. वेल खालून वर खात सुटली. आता सुक्या जिलेटिनला चव अशी नसतेच. आधी ते दातांखाली मोडतं, मग दातांनाच चिकटतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. आठवडाभराचं काम होतं ते. धाकटी मूग गिळून उभी होती. निदान काहीतरी गिळत होती म्हणायचं.

शेवटची पाकळी संपली तेव्हा केक नुसता पांढराफटक उरला.

"मान्य," प्राचार्यबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. "आमची चूक झाली. फुलं खाण्याजोगीच होती."

"पण बाई," खजिनदारांनी चष्मा पुसत केककडे पाहिलं, "आता सजावट कुठाय? आम्ही गुण कशाला द्यायचे?"

नियम म्हणजे नियम. जागा धाकटीला मिळाली.

घरी सगळ्यांनी धाकटीचं अभिनंदन केलं. नवरा थोरलीला म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं सगळं खायला?" सासूबाईंना आनंद झाला, चमचे आता जागेवर राहतील. धाकटी दोन दिवस थोरलीच्या वाटेला गेली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, पहिल्याच वर्गात फूल करून दाखवायचंय. जरा बघाल का?"

"मी कोण बघणारी?" थोरली भांडी पुसत म्हणाली. "बाई तू."

वर्गाच्या दिवशी धाकटी नवा एप्रन घालून आत शिरली. मुली उठून उभ्या राहिल्या. "नमस्कार बाई!" सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरून आला. तिथे थोरली उभी होती. रीतसर फी भरून, नाव घालून आलेली.

धाकटीने मान खाली घालून गॅस पेटवला. तिने जिलेटिन वितळवलं, चमचा बुडवला.

"बाई," थोरलीने हात वर केला. "त्यावर फेस दिसतोय, तो असू द्यायचा का?"

मुली वाकून बघू लागल्या. धाकटीने घाईघाईने फेस काढला, तो पुन्हा आला.

"बाई, आणखी एक शंका. वाळलं की हे खरंच खाता येतं का? आमच्याकडे लोक याला प्लास्टिक म्हणतात."

धाकटीने चमचा खाली ठेवला. सगळ्या वर्गासमोर तिला रडूच फुटलं. "मी पाहिलं होतं, ताई," ती म्हणाली. "एकेक पाकळी करताना पाहिलं होतं मी तुम्हाला."

"आता काय उपयोग?" थोरली बाकावर बसत म्हणाली. "खाल्ली मी ती."