उसातली चार सऱ्यांची वाट

माजं डोस्कं लवकर फिरतं, हे गावात कुनालाबी इचारा. पन त्या आठवड्यात मी चिडलो त्यो उसावर, आन उसावर चिडून कुनाचं भलं झालंय?

मी बाळासो. कडेगावपास्नं आत, ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. घराच्या चारी बाजूनं ऊस. घरात मी, माजी बायको पूजा आन आई मनुबाई. धाकटा भाऊ पृथ्वीराज मिलिटरीत. आईला दोनी कानांनी ऐकू येत न्हाई, धा वर्सं झाली. कानाचं मशिन आनून दिलं तर त्यातनं नुसती शिट्टी वाजती म्हनून तिनं ते कपाटात टाकलं. समोरचा बोलाय लागला की ती तोंडाकडं बघती आन बरोबर समजून घेती. म्हंजे साधा फोन तिच्या कामाचा न्हाई. पोराशी बोलायचं तर पोराचं तोंड दिसाय पायजे. व्हिडिओ कॉलच लागतो.

आन वस्तीवर रेंज न्हाई. घर खोलगट जागंत, टॉवर टेकाडाच्या पल्याड. रेंज येती ती फकस्त विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत, घरापास्नं चाळीस पावलांवर. एप्रिलात पृथ्वीराज सुट्टीला आल्ता, तवा त्यानं जुना मोबाईल त्या खोलीच्या खिडकीत ठिवला, हॉटस्पॉट चालू केला, आन घराच्या मागल्या भिंतीला दोन शिंगांचा एक पांढरा डबा लावला. मोबाईलचं वायफाय त्यो डबा धरतो आन घरात पुढं ढकलतो. "ह्यो सोता काय तयार करत न्हाई बरं का दादा," त्यो म्हनला, "तिकडनं येतंय तेवढंच पुढं देतो." आईच्या खाटंपातूर तीन रेघा भरल्या. मंग दर ऐतवारी त्येचा फोन आन दोघांचं भांडान. आई त्येच्या लग्नाचं काढायची. त्यो "आई, ते सोड" म्हनायचा. तेवढं तीन शब्द ती व्हटावरनं लगीच वळखायची आन माज्याकडं वळून म्हनायची, "बघ, परत मदीच तोडलं ह्यानं."

आता आमची चूक सांगतो. हसायचं तर हसा. एप्रिलात आमचा ऊस तुटून गेल्ता. रानात नुसता खोडवा, तुटल्या बुडख्याला परत फुटलेला, गुडघ्याएवढा. डब्याला पलीकडचा मोबाईल सरळ दिसत व्हता. आमी दोघं भाऊ, आज्यापास्नं ऊसवालं, आन ह्यो ऊस वाढनार हे दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई. दुसऱ्या कुनी अशी चूक केली असती तर आमी त्येला वर्सभर चिडवून खाल्लं असतं.

आखाडात एक रेघ गेली, गनपतीत दुसरी. दिवाळीला ऊस माज्या दुप्पट झाला आन घरात वायफाय नावालाबी ऱ्हायलं न्हाई. गनपतीपास्नं आमी आईला हाताला धरून मोटरीच्या खोलीपातूर न्यायचो. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती न्हानीत घसरली आन खुब्याचं हाड मोडलं. डागदर म्हनला, दोन महिने खाटंवरनं हलवायचं न्हाई. बांधावरनं उचलून न्यायचं तर नावच काढू नका.

पंधरा दिवसांनी, मी विहिरीवर असताना पृथ्वीराजचा फोन आला. "दादा, बुधवारी चार वाजता मला धा मिनिटं मिळत्यात. बेस्तरवारी वर पोस्टवर जायचंय. तितं पाच महिने फोन न्हाई. आईला तेवढं फोनवर आन." मंग जरा थांबून म्हनला, "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे." त्यो ऱ्हाऊ दे म्हनला की समजायचं, जीव अडकलाय त्येचा. ल्हानपनापास्नं तसाच हाय. मी म्हनलो, "जमवतो."

त्यो ऐतवार व्हता. सोमवारी मी डबा कळकाच्या टोकाला बांधून छपरावर उभा केला, वायर जोडून जोडून वर नेली. ऊस त्येच्याबी वर. डबा परत भिंतीला आनला. मंगळवारी सकाळी कडेगावात मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानवाला म्हनला, "काका, अजून एक डबा घ्या आन मधोमध लावा." मी म्हनलो, "मधोमध ऊस हाय. तितं वीज काय तुजा आजा आननार का?" त्यानं हातातला डबा परत खोक्यात ठिवला. मंग म्हनला, "तर सरळ रेषेत मोकळं करा. दुसरं काय न्हाई."

तितनंच कारखान्याच्या गट हापिसात गेलो. आमच्याकडं ऊस कुनी मनाला यील तवा तोडत न्हाई. लावनीची नोंद असती, त्या नंबरानं तोड येती. तिथल्या मानसाला म्हनलो, सगळा नको, घरामागचा तेवढा पट्टा आजच्या आज तोडा. त्यानं वही बघितली. "तुमची पाळी पुस म्हयन्यात. आन तोडनाऱ्यांच्या टोळ्या तर अजून आल्याच न्हाईत." मी आईचं सगळं सांगितलं, भावाचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, वाईट वाटलं असंल त्येला. पन म्हनला, "आवं, आईला फोन दाखवायला तोड, हे मी कंच्या रकान्यात लिहू?" मी टेबलावर हात आपटला आन भाईर आलो. हात तेवढा दुखला.

बुधवारी सकाळी कोयता घेतला आन मीच शिरलो उसात. खिडकीपास्नं डब्यापातूर चार सऱ्या, सरळ. माजा चुलतभाऊ नानासो बांधावरनं वरडला, "आरं येडा झालास का गड्या? उसात अजून साखर भरली न्हाई." मी सांगितलं कशासाठी. त्यो घरला गेला आन सोताचा कोयता घेऊन आला. दोघांनी जेवनसुदिक केलं न्हाई. उसाच्या वाळल्या पाचटानं हात फाडून घेतलं. तीन वाजता वाट मोकळी झाली. घराच्या मागल्या पायरीवरनं खिडकीतला मोबाईल दिसाय लागला. पूजानं घरातनं हाक मारली, "आवं, तीन रेघा आल्या." नानासो खाली बसला आन हसला. मलाबी लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पूजानं आईची येनी घातली, नवं लुगडं पांघरूनावर पसरलं. आई म्हनली, "मला दावायला न्हेताय का काय?" चार वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. मी तिच्यासमोर धरला. पृथ्वीराज दिसला. डोक्याला लोकरीची टोपी, गाल लाल झालेलं, मागं पत्र्याची भिंत. त्यो "आई" म्हनला. तेवढं एकच. आन तसाच थांबला.

मला वाटलं, भरून आलं असंल गड्याला. मंग वर बारक्या अक्षरात आलं, पुन्हा जोडत आहे. वायफायच्या तीन रेघा भरलेल्या, आन मोटरीच्या खोलीतल्या मोबाईललाच रेंज न्हाई. टॉवरची लाईट गेली का आनखी काय झालं, देव जानं. आमी अख्खा दिस वाट काढली आन त्या वाटंनं यायला काय शिल्लकच न्हवतं. नानासो माज्या तोंडाकडं बघून समजला, पळत मोटरीच्या खोलीकडं गेला.

आईला वाचता येत न्हाई. पडद्यावर थिजलेलं चित्र, पन तिला पोरगं दिसत व्हतं, डोळं तिच्यावर लावलेलं, तोंड मिटलेलं. ती बोलाय लागली. खुबा आता दुखत न्हाई म्हनली, त्ये खोटं व्हतं. तितं पायांना तेल लाव म्हनली. मंग हळूच लग्नाचं काढलं. आमनापूरची पोरगी हाय, शिवांजली नाव, बीएस्सी झालीया, मानसं बरी हाईत. बोलून ती थांबली, नेहमीसारकं मदीच तोडंल म्हनून. त्यो तसाच. ती आनखी बोलली. मी त्या अक्षरांवर आंगठा ठिवला, का ठिवला ठावं न्हाई, तिला थोडंच वाचता येतंय. दोन मिनिटं गेली असतील. मंग पडदा गेला. मी हातानं इशारा केला, फोन ठिवला म्हनून त्यानं.

आईचं तोंड असं उजळलं व्हतं की पूजा चुलीकडं निघून गेली. "आज पैल्यांदा माजं सगळं ऐकून घेतलं बग पोरानं," आई म्हनली. "लग्नाचं काढलं तरी मदी बोलला न्हाई. कबूल हाय त्येला. तू उद्या आमनापूरला जा." मी मान हालवली. दुसरं काय करू?

मी पळत विहिरीवर गेलो. नानासो खिडकीतला मोबाईल हातात धरून दारात उभा, एकदा हिकडं, एकदा तिकडं फिरवत व्हता. एक बारकी रेघ आली, गेली, परत आली. तेवढ्यात माजा फोन वाजला. साधा फोन, आवाज खरखरीत.

"दादा, आई बरी हाय का?"

"बरी हाय रं. खूश हाय लय. तुला बघितलं, पोटभर बोलली. उद्या मला आमनापूरला धाडतीया, तुज्या सोयरिकीला."

त्यो हसला न्हाई.

"थांब," मी म्हनलो, "रेंज येतीया आता, परत लाव. दोनच मिनिटं लाव."

"माजी धा मिनिटं झाली, दादा. मागं पोरांची लाईन हाय." मंग त्यो लय बारीक आवाजात बोलला, "माज्याकडं पडदा काळाच व्हता. तिनं मला बघितलं, मी तिला न्हाई बघितली."

मी तोंड उघडस्तवर फोन तुटला.